फणसाच्या लाकडाची गिटार

आमच्या बँडवर निघालेल्या सिनेमात मी कॅसेट कंपनीच्या मालकाबरोबर पळून जाते. माझ्या अंगात लाल जाकीट असतं, केस मोकळे सोडलेले असतात आणि मद्रासच्या एग्मोर स्टेशनावर मी एका खांबाला टेकून रडते. माझा धाकटा भाऊ दारूच्या आणि आणखी कसल्याशा पांढऱ्या पुडीच्या नादी लागतो. ड्रम वाजवणारा चिदंबर मोटारसायकलसकट लॉरीखाली जातो. खरा चिदंबर विम्याचा एजंट आहे आणि सायकलनं फिरतो. मी जन्मात जाकीट घातलेलं नाही. तंजावूरच्या उन्हात जाकीट घालील ती वेडीच. पण तो सिनेमा जेमतेम एक आठवडा चालला, त्यामुळे फारशा कुणापुढे खुलासे करत बसावं लागलं नाही.

आमचा बँड खरं कशानं मोडला ते मी दिग्दर्शकाला सांगितलं होतं. शेषगिरी त्याचं नाव, मद्रासचा, सतत पान खाणारा, स्वभावानं बरा. त्यानं सगळं ऐकून घेतलं, पान गालात सरकवलं आणि म्हणाला, "मेण? प्रेक्षकांना मेण काय दाखवू, मॅडम?" मी म्हटलं, बरोबर आहे. त्याच्या जागी मी असते तर मीही पुडीच दाखवली असती. पण झालं ते मेणानंच.

राजवाड्यामागच्या गल्लीत आमचं घर आणि घराच्या पुढच्या भागात अप्पांचा वीणा बनवायचा कारखाना. कारखाना म्हणायचं एवढंच; दोन माणसं पाय पसरून बसली की तिसऱ्यानं उंबऱ्याबाहेर उभं राहायचं. आम्हा तंजावूरच्या मराठी लोकांत मास्तरकी, वकिली, सरकारी खुर्ची यांना मान. हातात पटाशी धरणारा सीतारामराव, म्हणजे आमचे अप्पा, लग्नकार्यात शेवटच्या पंगतीचा माणूस. अप्पांना त्याचं काही नव्हतं. ते म्हणायचे, पंगत शेवटची असली तरी सांबार तेच असतं.

वीणेच्या दांडीवर तार दाबायला जे पितळेचे पडदे असतात ते लाकडात ठोकत नाहीत. मधमाशीचं मेण वितळवायचं, त्यात कोळशाची बारीक पूड मिसळायची, त्या काळ्या मेणाचे दोन बांध दांडीवर घालायचे आणि कोमट असतानाच पडदे त्यात रोवायचे. मग एकानं तार छेडून कान लावायचा आणि दुसऱ्यानं गरम सळईच्या टोकानं पडदा केसभर इकडे, केसभर तिकडे सारायचा. आमच्याकडे सळई अप्पांची आणि कान माझ्या भावाचा, गणेशकुमारचा. शाळेत पाढे येईनात, पण पडदा किती सरकला पाहिजे ते त्याला कळायचं. तो "वर" म्हणाला की अप्पांनी वर न्यायचा, "खालीं" म्हणाला की खाली. आई गेल्यावर घरात बोलणं कमी झालं होतं, तरी हे दोन शब्द दिवसभर ऐकू यायचे. मला ते ऐकत स्वयंपाक करायची सवय झाली होती.

अप्पांचे नियम दोनच. एक, बेसूर वाद्य उंबऱ्याबाहेर जाणार नाही; गिऱ्हाईक कितीही घाईत असो, उंबऱ्यावर बसून वाजवून दाखवल्याशिवाय द्यायचं नाही. दुसरा, पडद्यांसाठी लाकडाला करवत लावायची नाही. मेण चुकलं तर पुन्हा तापवता येतं, कापलेलं लाकूड पुन्हा जुळत नाही. हे ते इतक्या वेळा म्हणायचे की मला झोपेतही पाठ आलं असतं.

मग गल्लीत केबल आली. शेजारच्या भीमसेनमामांच्या टीव्हीवर परदेशी पोरं गिटार बडवायला लागली आणि आमचा गणेश तिथून जेवायलाही उठेना. मला गिटार पायजे, म्हणाला. अप्पा कडाडले, ते वाद्य नव्हे, ते भांडण अहे. आणि पुढच्याच आठवड्यात फणसाचं लाकूड निवडायला स्वतः पण्रुटीला गेले. त्यांनी कुठल्याशा फोटोवरून माप काढलं, पोट कोरलं, डोक्यावर वीणेला असतं तसं याळीचं तोंड कोरलं, सोंड आणि सुळे असलेल्या सिंहाचं. विजेची भानगड गणेशनं मद्रासहून सुटे भाग आणून जोडली. पडदे मात्र अप्पांनी त्यांच्या रीतीनं बसवले. मेणात.

आणि काय वाजायची ती गिटार! ठोकलेल्या पडद्यांच्या गिटारीत बोट लगेच लाकडाला टेकतं. हिच्यात पडदे उंच होते, तार वीणेसारखी खाली दाबून ओढता यायची, एका स्वराच्या पोटातून तीन स्वर निघायचे. चिदंबरनं पोलीस बँडातून काढून टाकलेले ड्रम मिळवले. गायला मी. बँडचं नाव याळी. आमच्या घरच्या मराठीत गणेशनं एक गाणं केलं होतं, टाउन बसच्या मागे धावणाऱ्या माणसाचं. त्याचं पालुपद एवढंच, "थांब कीं रे, थांब कीं." त्रिचीच्या इंजिनियरिंगच्या पोरांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण सगळा मांडव "थांब कीं" ओरडायला लागला. मग कोइंबतूर झालं, बेंगळूर झालं. बेंगळूरला एका बिअरच्या दुकानात माणसं टेबलांवर चढली. मी नऊवारी नव्हे, साधी कॉटनची साडी नेसून, वेणी घालून माइकपुढे उभी राहायची आणि लोकांना वाटायचं ती आमची स्टाइल आहे. मला दुसरं काही नेसता येत नव्हतं, एवढंच.

त्या दोन वर्षांत मी सुखी होते. हे सरळच सांगते, कारण पुढे सांगण्यासारखं फारसं काही वाटलेलं नाही.

मद्रासच्या एका नव्या चॅनेलनं बोलावलं. कार्यक्रम त्याच वेळी घरोघर दिसणार होता आणि कॅसेट कंपनीचा माणूस पहिल्या रांगेत बसणार होता. जायच्या आधी गणेश कारखान्यात अप्पांसमोर उभा राहिला. मी दारात होते.

"अप्पा, या खेपेला पडदे ठोकून द्या. तेथें दिवे मोठे असतात मणे. मेण धरेल कीं नाहीं, मला भेव वाटतें."

"मेण आतांपर्यंत धरलं कीं."

"आतांपर्यंत ट्यूबलाइट होते."

"दिव्याला भिऊन लाकूड कापायचं?" अप्पांनी मानसुद्धा वर केली नाही. "तुझा आजा राजवाड्यांत दिवट्यांपुढें वीणा ठेवित होता. कांहीं झालं नाहीं. जा, सुम्मा, उगीच भिऊं नको."

गणेशनं गिटार उचलली. आमच्यात बापापुढे दुसऱ्यांदा बोलत नाहीत. तो मद्रासला दुसरी गिटार भाड्यानं घेऊ शकला असता, हे मला पुष्कळ जणांनी नंतर सांगितलं. बैल गेला आणि झोपा केला, त्यातली ही अक्कल. घरचं वाद्य सोडून परकं घेऊन बसला असता तर तो गणेश नव्हता.

मे महिना होता, अग्निनक्षत्राचे, वर्षातल्या सगळ्यांत कडक उन्हाचे दिवस. कोणीतरी मंत्री यायचे होते ते उशिरा येत राहिले, आणि वाद्यं स्टेजवर मांडून ठेवायची असा हुकूम होता. दिवे चालूच होते. काळं मेण दिव्यांची धग पीत बसलं असणार. शेवटी आमचं नाव पुकारलं, चिदंबरनं काठ्या वाजवल्या, गणेशनं हात टाकला आणि पहिलाच सूर आंबला. त्याला वाटलं तारा उतरल्या. त्यानं खुंट्या पिळल्या. परत हात टाकला, आणखी वाईट. मग त्यानं बोट दाबलं आणि पडदा त्याच्या डोळ्यांदेखत एका बाजूला कलला. मी गात होते. "थांब कीं रे, थांब कीं." ड्रम चालू होते. गणेश गिटारीकडे बघत उभा होता आणि त्याची बोटं काळी झाली होती. लोक हसायला लागले. आधी एक दोघं, मग सगळे. कॅसेटवाला माणूस उठून गेला, तो उठताना मला दिसला, तरी मी गात राहिले, कारण कोणी थांब म्हणेना. पालुपदात तेवढा एकच शब्द होता आणि तो मीच म्हणत होते.

तंजावूरभर ते दिसलं. भीमसेनमामांच्या टीव्हीवर अप्पांनीही पाहिलं.

घरी आल्यावर गणेशनं गिटार कारखान्यातल्या खिळ्याला टांगली, हात धुतले आणि वीणेचं अर्धवट पोट कोरायला घेतलं. अप्पा समोर बसले होते. मला वाटलं आता स्फोट होईल. झाला नाही. संध्याकाळी गणेश मला म्हणाला, "अक्का, अप्पांना सांग, कॉफी झाली." अप्पा हाताच्या अंतरावर होते. मी हसून म्हटलं, तूच सांग कीं. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी कॉफी झाल्याचं अप्पांना सांगून टाकलं.

तिथून तीन वर्षं मी घरातलं टपालखातं होते. "श्री, त्याला सांग, पितळ संपलं," अप्पा मला म्हणायचे. "अक्का, त्यांना सांग, उद्यां गिऱ्हाईक येणार." दोघं एकाच खोलीत, एकाच लाकडावर, गुडघ्याला गुडघा लावून काम करायचे. पडदे बसवायला कान लागतोच, म्हणून गणेश समोर बसायचा. पण "वर", "खालीं" हे शब्दही गेले. तो हनुवटी उचलायचा किंवा खाली करायचा, आणि अप्पा सळई सरकवायचे. वीणा मात्र पूर्वीपेक्षा चांगल्या व्हायला लागल्या. गिऱ्हाईकं म्हणायची, काय जमतं बापलेकांचं.

भांडले असते तर मला चाललं असतं. भांडण झालं की कधीतरी मिटतं. हे मिटवायचं तरी कुठून, काही सुरूच झालं नव्हतं. मी शाळेत नोकरी धरली, पहिलीच्या पोरांना बडबडगीतं शिकवायला लागले, आणि ती सोडून दुसरं काही गायले नाही. दोनतीन स्थळं आली, टीव्हीवर हसं झालेली मुलगी म्हणून परत गेली. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही. सुन्नपणाची एक सोय असते, दिवस भराभर जातात.

मग शेषगिरी आला. बँडच्या चढण्या-पडण्यावर सिनेमा करतोय, म्हणाला. तुमची गोष्ट ऐकली, थोडी बदलून घेईन. बदललेली त्यानं सांगितली. माझा पळून जाण्याचा भाग ऐकताना अप्पा लाकडाला पॉलिश करत होते. ते इतकंच म्हणाले, "श्री, ऐकलांस कीं, तूं पळून गेलीस. मग आज रसम कोणीं केलं?" तीन वर्षांत ऐकलेली त्यांची ही एकुलती एक थट्टा.

शेषगिरीला गणेश हवा होता, हीरोला बोटं कशी ठेवायची ते शिकवायला. आणि गिटार हवी होती. शेवटच्या प्रसंगात हीरो नदीच्या वाळूत आपली गिटार जाळतो. थर्माकोलची करून पाहिली, भस्सकन पेटून विझली. आमच्याकडे भोगीला जुनं सामान जाळतात, त्यात टाकलेली चटई दिसावी तशी. खरं लाकूड पाहिजे, आणि त्या सिंहाच्या तोंडासकट पाहिजे.

"घेऊन जा," गणेश म्हणाला.

इतक्या सहज, की शेषगिरीचं पुढचं बोलणं तोंडातच राहिलं. त्यानं मन वळवायची बरीच तयारी करून आणली असावी. मी अप्पांकडे पाहिलं. त्यांचा पॉलिशचा बोळा थांबला आणि परत चालू झाला.

न्यायला माणसं यायची होती त्याच्या आदल्या दिवशी, सकाळी, मी शाळेत निघाले होते. अप्पांनी गिटार खिळ्यावरून काढली होती. तीन वर्षांची धूळ पुसली होती, जुनं वाकडंतिकडं झालेलं मेण खरवडून खाली कागदावर काढलं होतं, आणि समोर पितळेचे पडदे ओळीनं मांडले होते. त्यातला एक मी उचलून पाहिला. त्याच्या पोटाला कानशीनं पातळ पातं काढलेलं होतं. सगळ्यांनाच काढलेलं होतं. म्हणजे हे एका सकाळचं काम नव्हतं. किती दिवस आधी हे त्यांनी आमच्या पाठीमागे सुरू केलं होतं, कोण जाणे.

"श्री, त्याला सांग, कान पायजे."

गणेश मागच्या अंगणात दात घासत होता. मी सांगितलं. तो आला, नेहमीच्या जागी बसला, तार छेडली. अप्पांनी सुटा पडदा दांडीवर ठेवून सरकवत नेला. गणेशनं हनुवटी उचलली, खाली केली, मग मान हलवली. अप्पांनी तिथे पेन्सिलीनं रेघ ओढली. असं एकेक करत साऱ्या रेघा झाल्या. मी शाळेत गेलेच नाही. मग अप्पांनी पाठीमागे हात घालून लहान करवत काढली.

गणेशचा हात तारेवरच राहिला.

अप्पांनी त्याच्या हाताखालच्या तारा सैल करून बाजूला सारल्या आणि पहिल्या रेघेवर करवत ठेवली. त्यांनी मनगट मांडीवर टेकलं आणि कापलं. फणसाच्या लाकडाचा पिवळा भुसा त्यांच्या धोतरावर पडला. आयुष्यभर जे केलं नाही ते त्या माणसानं त्या सकाळी रेघेमागून रेघ, एक चीर चुकू न देता केलं; पडदे त्या पात्यांनी चिरांत बसवले आणि लाकडी हातोडीनं ठोकले. जाळायलाच न्यायच्या वाद्यात. मला ओरडावंसं वाटलं. इतकंच करायचं होतं तर तेव्हा का नाही केलंत? राग आला होता मला, इतका की बरं वाटलं. पुष्कळ दिवसांनी काहीतरी आलं होतं. मी वाट पाहत होते की गणेश आता बोलेल. शेवटचा पडदा बसला तसा अप्पांनी भुसा झटकला आणि आत पाणी प्यायला गेले.

मी चुलीपाशी त्यांना गाठलं. "आतां काय मणून कापलांत? जाळायलाच नेतात कीं."

"बेसूर वाद्य दुकानांतून जात नाहीं," ते म्हणाले, आणि तांब्या उपडा घातला.

दुसऱ्या दिवशी माणसं आली तेव्हा गणेश गिटार घेऊन उंबऱ्यावर बसला आणि त्यानं रीतीप्रमाणे एकदा खालपासून वरपर्यंत सगळे स्वर वाजवले. अप्पा आत पाठ करून बसले होते. त्यांची मान ऐकत होती.

शूटिंग थोड्या दिवसांनी, जवळच्या तिरुवैयारुला होतं. कावेरी आटलेली, वाळू भाजून निघालेली. लाकूड आणायला सोडून अप्पा कधी कुठे जात नाहीत. त्या दिवशी खांद्यावर पंचा टाकून बसमध्ये आमच्याआधी जाऊन बसले. मी त्यांना काही विचारलं नाही. तिथे पोचलो तर गिटार वाळूत एका चौथऱ्यावर मांडून ठेवली होती आणि चहूबाजूंनी चकचकीत पत्रे लावून सगळं ऊन तिच्यावर पाडलं होतं. हीरो व्हॅनमध्ये होता. त्याचा मेकअप वितळत होता म्हणून तो बाहेर येईना. पुन्हा तेच, मे महिना, आणि मंत्र्याच्या जागी हा. गिटार तापत पडली. मद्रासच्या दिव्यांनी काय केलं असेल त्याच्या दुप्पट ऊन तिनं खाल्लं.

हीरो आल्यावर शेषगिरी म्हणाला, सर, बोटं जवळून घ्यायची आहेत, गणेशकुमारचीच घेतो. गणेशनं गिटार उचलली. लाकूड इतकं तापलं होतं की त्यानं आधी ती सदऱ्यावर टेकवली. युनिटच्या पोरांनी तिची वायर एका स्पीकरच्या पेटीला जोडली. "काहीही वाजवा," शेषगिरी म्हणाला, "आवाज आपण नंतर दुसरा घालणार."

गणेशनं ते बसचं गाणं वाजवलं, मद्रासला जिथून आंबलं होतं तिथून. एकही सूर हलला नाही. तो वाजवत शेवटपर्यंत गेला. कॅमेरावाल्यानं केव्हाच हात वर केला होता, पण हा थांबला नाही. पालुपद आलं तेव्हा माझे ओठ हलले. आवाज काढला नाही. अप्पा पंचा डोक्यावर घेऊन लांब उभे होते, आणि पडदे जागच्या जागी होते, बस.

आता तुम्हाला वाटलं असेल हा गिटार घेऊन पळत सुटतो. सिनेमात तसं करतात. आमच्या गणेशनं वायर काढली, गिटार पुसली आणि घासलेट घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या हातात दिली. शब्द दिला होता. शिवाय, खरं सांगायचं तर, त्याला तिचं जे करायचं होतं ते करून झालं होतं.

हीरोनं एका दमात पेटवली. फणस जोरात पेटत नाही, हळूहळू धुमसत जळतो. शेषगिरी खूश झाला. याळीचं तोंड सर्वांत शेवटी गेलं. मी पाहिलं. मला काहीच होत नव्हतं आणि आपल्याला काही होत नाही हेही मी पाहत होते. मग कट झालं, टाळ्या झाल्या, पत्रे उचलले, हीरोची व्हॅन गेली. वाळूत काळे तुकडे राहिले. त्यातला दांडीचा एक लांब तुकडा अखंड होता आणि त्यात पितळेचे पडदे जसेच्या तसे उभे होते.

अप्पा पुढे आले. गुडघे धरून हळूहळू खाली बसले, पंचा वाळूवर पसरला आणि कोळसे वेचायला लागले. युनिटची पोरं हसली, म्हातारा पितळ गोळा करतोय. पितळ नव्हतं ते. फणसाचा कोळसा होता, जुना वाळलेला, मेणात मिसळायला त्याच्याइतका चांगला कोळसा मिळत नाही. अप्पांनी पडदेवाल्या तुकड्याकडे हात नेला. आत अजून लाल होतं.

"अप्पा!" गणेश म्हणाला. "ऊन अहे तें. हात लावूं नका. मी घेतों."

तीन वर्षांत त्यानं त्यांना मारलेली ती पहिली हाक. अप्पांचा हात अधांतरी थांबला. त्यांनी वर पाहिलं, पण गणेशकडे नव्हे, सवयीनं माझ्याकडे.

"श्री, त्याला सांग, सांभाळून मणून."

हे ऐकून मला जो संताप आला तो काय सांगू. तीन वर्षांची कॉफी, पितळ, गिऱ्हाईकं, निरोप, सगळं एकदम वर आलं.

"मी नाहीं सांगत," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "तो एथेंच उभा अहे, अप्पा. तुमच्या पुढ्यांत. तुम्हीच सांगा."

अप्पांनी मान खाली घातली. गणेश त्यांच्या शेजारी वाळूत उकिडवा बसला होता, सदऱ्याचं टोक हाताला गुंडाळून. युनिटचा ट्रक चालू झाला आणि निघून गेला.

"भाजेल रे," अप्पा म्हणाले. त्याला म्हणाले.

गणेशनं हनुवटी उचलली नाही की खाली केली नाही. "हो," म्हणाला आणि तुकडा वाळूवरून पंच्याकडे सारला.

परतीच्या बसमध्ये मी बायकांच्या बाजूला पुढे बसले. ते दोघं मागे, मध्ये कोळशाचं गाठोडं. पुलावर बस हळू झाली तेव्हा मागून अप्पांचा आवाज आला. ही पूड फार बारीक करायची नाहीं, ते सांगत होते, बारीक झाली कीं मेण ठिसूळ होतें. गणेश काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. वळून पाहिलं तर थांबतील अशी मला भीती वाटली. मी खिडकीबाहेर पाहत राहिले, आणि रडू आलं ते तंजावूर येईपर्यंत येऊ दिलं.